रिक्षात भरलेली कार्डं

आमच्या अख्ख्या भावकीत माझी ओळख एकच. सविता म्हणजे नाकावर राग. मला काही सांगायचं झालं की लोक आधी एकमेकांकडं बघायचे, तू सांग, नाही तू सांग. मी चिडले की घर डोक्यावर घ्यायचे, आणि दोन तासांनी मीच रडून रडून सगळ्यांच्या पाया पडायचे. मग दोन दिवस गुणाची. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लोकांना तो माझा स्वभाव वाटायचा. मला तर तेही वाटायचं नाही. मला वाटायचं, माझ्याशी सगळे वागतातच तसे.

तो आजार होता, आणि त्याच्यावर उपचार आहे, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. हे लिहायला बसले ते आमच्या उपचाराच्या ग्रुपमधल्या एका पोरीमुळं. कॉलेजातली, नवीन आलेली. मला म्हणाली, "ताई, तुम्ही बऱ्या झाल्या का?" मी म्हटलं, "अर्धी." तर म्हणाली, "मग बाकीच्या अर्ध्याचं काय करता?" मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, पण ते एवढं लांब निघालं.

मी बजाजनगरात राहते. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला आहे. माझे मालक गणेश, दुसऱ्या कंपनीत प्रेस मशीनवर. आम्हाला एकच लेक, श्रावणी. माहेर फुलंब्रीच्या जवळ. बाप मेंढ्या राखायचा. आता दादा, माझा थोरला भाऊ, शेती बघतो आणि चार मेंढ्या हौसेनं ठेवतो.

हॉस्पिटलातले बारा दिवस

कारण सांगायची लाज वाटते इतकं फालतू होतं. ह्यांनी फोन उचलला नाही. ओव्हरटाइमला थांबले होते, फोन लॉकरमधे. मी लावत राहिले, लावत राहिले. डोक्यात एकच, हा गेला, आता येत नाही. हे आले तोपर्यंत मी जिवाचं बरंवाईट करायला निघाले होते. काय केलं ते लिहीत नाही. वाचणाऱ्यांत माझ्यासारखं कुणी असलं तर ते वाचून त्याचं भलं होणार नाही. एवढंच सांगते की ह्यांना दार श्रावणीनं उघडलं. सात वर्षांची होती.

हॉस्पिटलात गेल्या गेल्या माझी ओढणी काढून घेतली. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढून ह्यांच्या हातात दिलं. मोकळ्या गळ्यावर हात गेला आणि मला वाटलं, झालं, टाकलं ह्यांनी मला. मी तिथं असा आकांत केला की दोघी सिस्टर पळत आल्या. वॉर्डातल्या मावशी तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, हितं समद्यांचंच काढतेत. रोज म्याच काढती. घरी जाताना परत घालती म्याच." आणि माझ्या कपाळाची टिकली सरळ केली. त्या बारा दिवसांत माझ्यासाठी कुणी काही चांगलं केलं असेल तर ते पहिलं.

सकाळी फिनेलचा वास, गोळी दिली की जीभ वर करून दाखवायची, दहाला डॉक्टर, चारला भेटायची वेळ. चारच्या आधी मी केस विंचरून बसायचे. हे रोज यायचे, खुर्चीच्या टोकावर बसायचे, आणि "खाल्लं का?" सोडून काही बोलायचे नाहीत. श्रावणीला आणलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "शाळा हाय ना."

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून नाव सांगितलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. हे म्हणाले, "म्हणजे येडी हाय का ती?"

डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही. ह्यांची भावना लवकर चढते, जास्त चढते आणि उतरायला फार वेळ लागतो. मधल्या वेळात जे हातून होतं, तो आजार."

"गोळीनं जाईल?"

"गोळीनं धार कमी होईल. बाकीचं ह्यांना शिकावं लागेल. शिकवणारे गारखेड्यात आहेत."

मला हसूच आलं. इतकी वर्षं देव झाले, अंगारे झाले, सासूला शिव्या घालून झाल्या, आणि आता म्हणे शिकवणी लावा. पण पोटात कुठंतरी हलकंही वाटलं, की ह्याला नाव आहे. ज्याला नाव आहे ते माझ्या एकटीचं नाही.

घरी आले तर श्रावणीचं दप्तर खुंटीला नव्हतं. कपाटातले तिचे कपडे नव्हते. मी हॉस्पिटलात असतानाच दादा तिला घेऊन गेला होता, तिकडच्या शाळेत नावही घातलं होतं. मी फोनवर ओरडले, शिव्या दिल्या, दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सवे, पोरगी दाराचा आवाज झाला तरी दचकायली. तू बरी हो. बरी झाली की मी सोता आणून सोडतो."

त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. बरं व्हायचं आणि लेक परत आणायची.

फरहाना मॅडम

शहराच्या दुसऱ्या टोकाला, गारखेड्यात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर फरहाना मॅडमची खोली. पन्नाशीच्या, सैल सलवार-कमीज, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलभर शोधायची सवय. उपचाराचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. सगळे डीबीटीच म्हणतात. आठवड्यातून एकदा मॅडमसमोर एकटीनं बसायचं. शनिवारी आठ-दहा जणांचा ग्रुप, तिथं वही-पेन घेऊन शाळेसारखं शिकायचं. आणि मधे कधी डोकं फिरायला लागलं तर मॅडमला फोन करायचा. अट एकच, काही करून बसायच्या आधी करायचा.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "देखो सविता, तू अशी झाली ह्यात तुझी चूक नाही. आणि आता ह्याच्यातून निघायचं काम तुझंच आहे. दोन्ही बाता खऱ्या."

मी फणकारले. "दोन्ही कशा खऱ्या? एक काय ते सांगा."

"हौ ना, तेच तर शिकायचंय आपल्याला."

त्यांनी लहानपणाचं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, चांगलं होतं. मग हळूहळू निघालं. आई-बाप दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघायचे ते पाऊस पडेपर्यंत परत यायचे नाहीत. शाळेसाठी मला आत्याकडं ठेवायचे. आमच्यात सगळेच असं करायचे, त्यात वाईट कुणालाच वाटायचं नाही. फक्त, पोरगी रडते म्हणून मी झोपेत असतानाच निघायचे. सकाळी उठले की अंगणात लेंड्या आणि खुरांचे ठसे. मी रडले की आत्या म्हणायची, "कामून रडायली? जेवायला मिळतंय ना?" आणि मिळायचंही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बच्चीला कुणी सांगितलंच नाही की तुला वाईट वाटतंय ते बरोबर आहे." एवढ्या वाक्यावर मी अर्धा तास रडले. आईबापाला दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही. मेंढ्यांना चारा लागतो.

ग्रुपमधे शिकवलेलं सगळं सांगत नाही, मला सगळं आलंही नाही. आधी थांबायचं. हात, पाय, तोंड, सगळं जिथल्या तिथं. मग एक पाऊल मागं. मग अंगात काय चाललंय त्याला नाव द्यायचं. राग म्हणेल मार, तर खोलीबाहेर जायचं. लाज म्हणेल तोंड लपव, तर तोंड दाखवायचं. आणि अगदीच डोक्यात राख गेली तर गार पाण्यात तोंड बुडवून श्वास धरायचा, त्यानं छातीतली धडधड खरंच उतरते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करायचं नाही, हेही मॅडम दरवेळी बजावतात.

पहिल्यांदा घरी केलं तेव्हा मी प्यायच्या पाण्याची घागर बादलीत ओतली आणि डोकं घातलं. हे कामावरून आले तर बायको बादलीत.

"अगं, काय करायली?"

मी तोंड वर काढलं. "राग घालवायले."

"प्यायचं पाणी हाय ते!"

त्यावर आम्ही दोघं हसलो. किती महिन्यांनी हसलो असू कोण जाणे.

मॅडमनी ह्यांनाही दोनदा बोलावलं. बायकोचं बरोबर की चूक ठरवायच्या आधी, तिला जे वाटतंय ते वाटतंय एवढं मान्य करायचं, असं शिकवलं. मग काय, हे जिथं तिथं तेच. भाजी करपली तरी, "तुला वाईट वाटलंय, बरोबर हाय तुझं." मी म्हटलं, अहो, वाईट नाही वाटलं, भूक लागलीय. माणूस अबोल, पण प्रयत्न करायचा. मी त्याचं एवढं वाटोळं केलं, तरी प्रयत्न करायचा.

चेकशीट

आता माझी चूक सांगते.

डीबीटीत एक कार्ड असतं. आठवड्याचे सात दिवस. रोज त्यावर लिहायचं, आज राग किती, दुःख किती, लाज किती, शून्य ते पाच. स्वतःला इजा करावी वाटली का. शिकवलेलं काय वापरलं. मॅडम दर वेळी आधी ते कार्ड बघतात आणि मग बोलायला लागतात.

आमच्या लाइनवर प्रत्येक मशीनला एक चेकशीट टांगलेली असते. दर तासाला एक पीस उचलायचा, गेज लावायचा, माप लिहायचं. नियम असा आहे. रीत अशी आहे की शिफ्ट सुटायला दहा मिनिटं राहिली की आठही रकाने एका दमात भरायचे. पीस आम्ही बघतो, हाताला बरोबर कळतं. पण लिहीत कोण बसतं? त्यातही कसब आहे. सगळे आकडे सारखे लिहिले तर ऑडिटच्या साहेबाला शंका येते. म्हणून एखादा जरा वर, एखादा जरा खाली. मधे पेन बदलायचं. नवीन पोरींना हे मीच शिकवलंय.

पहिल्या आठवड्यात मी कार्ड खरं भरलं. पाच, पाच, चार, पाच. ते बघूनच मनात आलं, हे दादाला कळलं तर पोरगी ह्या जन्मात येत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मी कार्ड चेकशीटसारखं भरायला लागले. बजाजनगरहून निघायचं, स्टेशनला रिक्षा बदलायची, आणि ती दुसरी रिक्षा भरेपर्यंत मांडीवर पिशवी ठेवून सात दिवस भरून टाकायचे. दोन, एक, दोन. मधे एखादा तीन, खरं वाटायला. निळं पेन, मग काळं पेन. "काय वापरलं" मधे, गार पाणी, थांबले, बाहेर गेले.

त्याच दोन महिन्यांत मी दोनदा ताट भिरकावलं आणि एकदा ह्यांच्या शर्टाची बाही उसवेपर्यंत ओढली. ह्यांना माहीत होतं. हेही गप्प बसले. लेक यावी असं त्यांनाही वाटत होतं.

मॅडमचा चेहरा खुलत गेला. "सविता, कमाल आहे तुझी," म्हणाल्या. मी त्यांच्याकडं बघून हसायचे आणि खरं सांगते, मला वाईटही वाटायचं नाही. मला वाटायचं, कार्ड चांगलं दिसतंय म्हणजे मी थोडीफार चांगली होतेच आहे.

दिवाळीच्या आधी दादाचा मॅडमना फोन गेला. मी परवानगी दिली होती. मॅडमनी सांगितलं, आठ आठवडे चांगले गेलेत, सुट्टीत पोरीला थोडे दिवस आणून बघायला हरकत नाही.

सुट्टीचा चौथा दिवस

श्रावणी येणार म्हणून मी तीन रात्री धड झोपले नव्हते. चकल्या केल्या, पडदे धुतले, तिच्यासाठी गुलाबी फ्रॉक आणला. ती आली, फ्रॉक घातला, चकली खाल्ली. मला वाटलं, झालं, मिळाली माझी पोर.

चौथ्या दिवशी दुपारी हे कामावर होते. मी स्वयंपाकघरात. ती गॅलरीत माझा फोन घेऊन वहिनीशी हळू आवाजात बोलत होती. "मामी, कधी येऊ गं? मला नाय करमत."

 त्यानंतरचं मला तुटक आठवतं. बादली, थांबणं, मागं होणं, काही काही आठवलं नाही. फोन हिसकावून भिंतीवर आपटला. तिचा दंड धरला आणि तिला गदागदा हलवलं. "जा! जा तुझ्या मामीकडं! मेली म्हण तुझी आई!" असं ओरडत होते. ती रडली नाही. डोळे माझ्यावर लावून नुसती उभी.

मग फरशीवर पाणी दिसलं. मला आधी वाटलं, घागर लवंडली. नवीन फ्रॉक ओला झाला होता.

माझा हात सुटला. श्रावणी म्हणाली, "मम्मी, मी पुसते." आणि खाली बसून फडक्यानं फरशी पुसायला लागली. आठ वर्षांची पोर. मी भिंतीला टेकून बघत राहिले.

दादाला मीच शेजारच्या फोनवरून बोलावलं. त्या दिवशी माझ्या हातून झालेली धड गोष्ट तेवढीच. दोन तासांत आला. तिच्या दंडावर माझी बोटं उठली होती. दादा आवाज चढवणारा माणूस नाही. म्हणाला, "सवे, तू बरी झाली म्हणली व्हती."

मी त्याच्या पाया पडायला गेले. तो मागं सरकला. "नको. दर येळी पाया पडती तू."

श्रावणी पिशवी घेऊन जिना उतरली. मी जागी होते, डोळे उघडे होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती गेली.

कड्या

पुढच्या भेटीला मी मॅडमकडून सगळी जुनी कार्डं मागून घेतली आणि म्हटलं, "ही खोटी आहेत."

"कोणती?"

"पहिलं सोडून सगळी. रिक्षात भरायचे."

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ कार्डं एकेक करून बघितली. मी वाट बघत होते की आता म्हणतील, निघ. मी आधीच पर्स उचलून खांद्याला लावली होती.

"मला राग आलाय, सविता," त्या म्हणाल्या. "मी ह्या कार्डांवर भरोसा करून तुझ्या भावाला सांगितलं. बच्चीचं जे झालं त्यात आता मी पण आहे. मला लई वाईट वाटायलंय." मग म्हणाल्या, "आणि मी तुला सोडणार नाही. पुढच्या गुरुवारी ये. पर्स खाली ठेव."

माझ्यावर चिडूनही कुणी थांबलंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. चिडलेली माणसं जातात एवढंच मला माहीत होतं.

त्या दिवशी आम्ही त्या दुपारची साखळी मांडली. मला वाटत होतं, 'करमत नाय' आणि फुटलेला फोन ह्यांच्या मधे काहीच नव्हतं. मॅडमनी एकेक कडी काढायला लावली. तीन रात्री झोप नाही. सकाळपासून पोटात फक्त चहा. कानावर वाक्य आलं. गळा दाटला. मनात आलं, मी तिला नकोय. आणि मग, अगदी डोळ्याची पापणी लवेपर्यंत, वाईट वाटलं. नुसतं वाईट. त्याच्यावर लाज आली, लाजेवर राग, आणि मग हात.

मॅडमनी त्या मधल्या कडीवर बोट ठेवलं. "इथं रडता आलं असतं तुला."

रागाच्या आधी दुःख असतं हे मला कधी दिसलंच नव्हतं. ते इतकं दुखायचं की मी तिथं थांबतच नव्हते.

आणि एक वाक्य रोज म्हणायला दिलं. 'माझ्या लेकीच्या दंडावर माझी बोटं उठली. हे झालं.' पुढं 'पण' नाही, 'कारण' नाही. जे झालं ते झालं म्हणून घ्यायचं, तेव्हाच त्याचं काही करता येतं. महिनाभर मला ते वाक्य पूर्ण म्हणता आलं नाही. उचकी लागायची.

त्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पोळ्या झाल्या की ओट्यावरच कार्ड भरायला लागले. पाच, पाच, पाच, चार, पाच. मॅडमला दिलं तर म्हणाल्या, "माशाल्लाह, अब आई ना सविता!" पाच-पाच बघून खूश होणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कंपनीतही चेकशीट तासाला भरायला लागले. पोरी चिडवायच्या, "सविताताई, आज ऑडिट हाय का?" मी म्हणायचे, "व्हय, रोजच हाय."

रागाच्या पाचाचे चार व्हायला चार महिने लागले. मधे दोनदा मी पुन्हा घसरले, एकदा तर ह्यांना घराबाहेर काढलं. तेही कार्डावर लिहिलं. पण मग एक आठवडा हात न उचलता गेला, मग एक महिना, मग सहा. दुःख आजही चार-पाचच असतं. डीबीटीनं माझं दुःख कमी केलं असं मी कुणाला सांगणार नाही. मला त्यात उभं राहता येतं, कुणाला न मारता, स्वतःला न मारता. माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर त्याला माझं एवढंच सांगणं, जिथं उपचाराला जाता तिथं तरी पाच असेल तर पाच लिहा. आणि जीव नकोसा झाला असेल तर कार्डाची वाट बघू नका. जवळच्या कुणाला तरी उठवा, दवाखाना गाठा, आत्ताच.

पाचवीचा प्रवेश

वर्ष-सव्वा वर्ष मी दर रविवारी फुलंब्रीला जात होते. वहिनी नजरेच्या टप्प्यात राहायची, हे मीच सांगितलं होतं. श्रावणी समोर बसायची, हात मांडीवर. मी काहीही विचारलं तरी, "हो मम्मी." डबा आवडला? हो मम्मी. निघू का मी? हो मम्मी. थोडी थांबू? हो मम्मी. आधी मला वाटायचं, किती गुणी झाली. मग एक दिवस उमगलं, ती माझं तोंड बघून उत्तर देते. ते उमगल्यावर बसमधे मी फुलंब्रीपासून शहरातल्या बाबा चौकापर्यंत रडत आले.

ह्या उन्हाळ्यात तिची चौथी झाली. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला कुठंतरी नाव घालायचंच होतं. एका रविवारी दादा स्वतःहून म्हणाला, "सवे, मी शब्द दिलाय. तू आता बरी हायेस, मला दिसतंय. घेऊन जा पोरीला."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी जगले ते वाक्य असं भर दुपारी, शेंगा फोडता फोडता आलं. तोंडापर्यंत आलं होतं, आत्ताच भरते तिची बॅग. पण मी म्हटलं, "तिला विचारून बघते."

दादा म्हणाला, "तिला काय इचारती? लेकरू हाय."

मी तिला आतल्या खोलीत घेऊन बसले. म्हटलं, "श्रावणी, पाचवीला तू बजाजनगरला येऊ शकते नाहीतर इथं मामीकडं राहू शकते. तुला काय पाहिजे ते सांग. काहीही सांगितलं तरी मी रागावणार नाय."

ती नखानं चादरीचा दोरा ओढत होती. मला वाटलं, आता येणार, हो मम्मी. आणि खरं सांगते, मला ते हवंही होतं. ती हो म्हणाली असती तर मी खोटं आहे हे माहीत असूनही तिला घेऊन गेले असते.

ती हळूच म्हणाली, "मला इथंच राहायचंय."

आणि डोळे माझ्या तोंडावर लावले, त्या दिवशी लावले होते तसे. खांदे वर ओढलेले.

गळा दाटला. मी तिला नकोय, हेही आलं मनात, आलं तसं येऊ दिलं. पाय जमिनीवर दाबून धरले. हात मांडीखाली घेतले. आणि त्या मधल्या जागेवर थांबले, जिथं आजवर कधी थांबले नव्हते.

"बरं," मी म्हटलं.

"रागावली?"

"नाय बाळा. वाईट वाटलं. लई वाईट वाटलं."

तिनं माझ्याकडं आणखी थोडा वेळ बघितलं. मग खांदे खाली आले. "मग रड ना," म्हणाली. "मी थांबते."

मी रडले. तोंड झाकलं नाही, आवाज दाबला नाही. काही फुटलं नाही, कुणी धावत आलं नाही. दारापलीकडं वहिनीच्या भाकरीचा आवाज तसाच चालू राहिला. श्रावणी माझ्याजवळ मांडी घालून बसली होती. आधी माझ्याकडं बघत होती, मग चादरीच्या दोऱ्याकडं, मग खिडकीतून बाहेर. बाहेर पोरी लंगडी खेळत होत्या.

माझं रडणं काही थांबेना. थोड्या वेळानं तिला कंटाळा आला. उठली, म्हणाली, "मी जाऊ खेळायला?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघताच, चप्पल न घालता पळाली.